दोन मेल सर्व्हरांच्या याद्या जुळत नाहीत, कुठून सुरुवात करू?

सई_भायखळा
नमस्कार मंडळी. आमचं कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, शाखा न्हावा-शेवाला. माणसं दीडशेच्या आत. हेड ऑफिसचे मेलबॉक्स अजून आमच्याच एक्स्चेंज सर्व्हरवर आहेत, शाखेचे मायक्रोसॉफ्ट 365 वर नेलेत. मधे एन्ट्रा कनेक्ट आहे, म्हणजे पूर्वीचं अझूर एडी कनेक्ट, ऑफिसातल्या खात्यांच्या नोंदी क्लाउडशी जुळवणारं (सिंक करणारं). ते बसवून देणारा व्हेंडर आता फोन उचलत नाही, आणि आयटी सांभाळणारी मी एकटीच.

शाखेत नवीन लागलेली दोन मुलं हेड ऑफिसच्या ॲड्रेस बुकमध्ये येतच नाहीत. इथून त्यांना मेल टाकला की परत येतो.

अकाउंट्समधल्या ताईंचं लग्न झालं, आडनाव बदललं. नाव शाखेतही बदललेलं दिसतं. पण तिथून नवीन पत्त्यावर पाठवलेले मेल त्यांना मिळत नाहीत आणि परतही येत नाहीत.

तिसरं, एक काका नोकरी सोडून गेले होते, ते परत आले. जुनं खातं मी तेव्हाच काढलं होतं म्हणून नवीन उघडलं, पत्ता तोच ठेवला. आता त्यांच्या जुन्या मेलला कुणी रिप्लाय केला की बाउन्स होतो. पत्ता हाताने टाइप केला की जातो!

डिलिव्हरी ऑर्डरचा मेल अडकला की माल पडून राहतो आणि पार्टीला डेमरेज लागतं. काल तसं झालं, बोलणी खाल्ली. सगळी खाती उडवून पुन्हा सिंक करू का?

कांजूर_ईस्ट
खाती उडवण्याआधी क्लाउडच्या ॲडमिन पोर्टलमध्ये जाऊन पत्ते थेट बदलून बघा.

ठाणेकर_ॲडमिन
थेट बदलता येणार नाहीत. जी माणसं इथून सिंक होतात त्यांची मूळ नोंद तुमच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरच्या खात्यांच्या यादीत असते, क्लाउड ती बदलूच देत नाही.

आणि सईताई, हात जोडून सांगतो, एकही खातं उडवू नका. मी एकदा आवराआवर करताना चाळीस जणांचं ओयू, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला खात्यांचा कप्पा, सिंकच्या बाहेर नेलं. पुढच्या फेरीत चाळीसही जण क्लाउडवरून गायब, मेलबॉक्ससकट. डिलीट झालेली खाती तिथे 30 दिवस राहतात म्हणून निभावलं. ओयू जागेवर आणून सिंक फिरवलं, सगळे परत आले, पण ती दुपार मी विसरलेलो नाही. एकदम खूप खाती डिलीट होऊ नयेत म्हणून एन्ट्रा कनेक्टमध्ये अडसर असतो, पण तो मुळात 500 वर लावलेला. तुमच्याकडे माणसंच दीडशे, तो कधी आडवा येणारच नाही. आजच खाली आणा.

आता ती दोन मुलं. त्यांची खाती व्हेंडरने किंवा कुणीतरी थेट क्लाउडवर उघडली असणार. माणसांची नोंद तुमच्या सर्व्हरकडून क्लाउडकडे जाते, तिथे उघडलेलं खातं खाली येत नाही. म्हणून हेड ऑफिसच्या लेखी ती मुलं अस्तित्वातच नाहीत, आणि डोमेन (पत्त्यातला ॲटनंतरचा भाग) आपलंच म्हटल्यावर एक्स्चेंज त्यांचा मेल परत पाठवतो. दोघांना ॲक्टिव्ह डिरेक्टरीत उघडा, लॉगिन नाव आणि पत्ता अगदी तोच द्या, आणि इथल्या एक्स्चेंजवर त्यांना रिमोट मेलबॉक्स म्हणून, म्हणजे मेलबॉक्स क्लाउडवर आहे अशी नोंदवा. हे सगळं झाल्यावरच सिंक होऊ द्या. मुख्य पत्ता जुळला की क्लाउडवरचं खातं आपणहून जोडलं जातं, दुसरं तयार होत नाही. पासवर्डही सिंक होत असतील तर त्यांचा पासवर्ड इथला लागू होईल. आधी फोन करून सांगा, नाहीतर सकाळी लॉगिन होत नाही म्हणून तुम्हालाच फोन.

विक्रोळी_मनीषा
ताईंच्या प्रकरणात एक खूण तुम्हीच दिली आहे. नाव पोचलं, पत्ता नाही. म्हणजे सिंक व्यवस्थित फिरतंय, फक्त तेवढा पत्ता क्लाउडने बाजूला ठेवलाय. एकच पत्ता दोघांकडे आला की असं होतं. मेल परत येत नाहीत म्हणजे ते कुणाला तरी मिळतायत! मेसेज ट्रेस काढा, कुठल्या मेलबॉक्समध्ये पडतायत ते दिसेल. 365 च्या ॲडमिन सेंटरमध्ये डिरेक्टरी सिंकच्या एररची यादी असते, तीही बघा.

सई_भायखळा
मनीषाताई, सापडलं. लग्नानंतर ताईंचं जे नाव-आडनाव झालं, नेमकं त्याच नावाच्या एक मॅडम पूर्वी शाखेत होत्या. त्या गेल्यावर व्हेंडरने क्लाउडवर एक शेअर्ड मेलबॉक्स उघडून त्यांचा पत्ता त्याला दिलेला. ताईंचे आठवड्याभराचे 31 मेल त्यात न उघडलेले पडले होते. मी एकेक करून पुढे पाठवले. त्या मेलबॉक्सवरून तो पत्ता काढला, तासाभरात ताईंच्या नावावर आला.

मुलांचं उद्या करते. काकांच्या बाउन्समध्ये मात्र आयएमसीईएईएक्स ने सुरू होणारी भलीमोठी ओळ आहे, मधेमधे अंडरस्कोर आणि +20. ते काय?

ठाणेकर_ॲडमिन
ते काकांच्या जुन्या खात्याचं आतलं नाव. ऑफिसातल्या ऑफिसात मेल जातो तेव्हा एक्स्चेंज तेच धरून ठेवतो, आणि खातं नव्याने उघडलं की ते बदलतं. जुन्या मेलमध्ये आणि आउटलुकला आपोआप सुचणाऱ्या पत्त्यात अजून जुनंच बसलेलं आहे. त्या ओळीतला सुरुवातीचा आयएमसीईएईएक्स आणि त्यापुढची आडवी रेघ काढा, शेवटचा ॲटपासूनचा भाग काढा. अंडरस्कोरच्या जागी स्लॅश, +20 च्या जागी मोकळी जागा, +28 आणि +29 म्हणजे कंस. जे उरेल ते काकांच्या खात्याला एक्स 500 प्रकारचा जादा पत्ता म्हणून द्या. सिंक दर 30 मिनिटांनी फिरतं, शाखेलाही पोचेल.

सई_भायखळा
काकांचं जमलं, दोन वर्षांपूर्वीच्या मेलला रिप्लाय करून बघितला. मुलांची खातीही जोडली गेली, इथून टाकलेला मेल मिळाल्याचा दोघांचा फोन आला. डिलीटचा अडसर 500 वरून 10 वर आणलाय. फक्त आउटलुकच्या ॲड्रेस बुकमध्ये ती दोघं अजून दिसत नाहीत.

विक्रोळी_मनीषा
ब्राउझरमधून मेल उघडून शोधा. तिथे दिसली तर सर्व्हरवर आली. आउटलुक स्वतःकडची ऑफलाइन यादी साधारण दिवसातून एकदा आणतं, उद्या दिसतील.

सई_भायखळा
ब्राउझरमध्ये दोघंही आहेत.