ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) कोणता आयपी कोणाकडे आहे, यावर नजर ठेवायला काय वापरता?

कोपऱ्यातला_पीसी
सोलापुरात मामांचं सीए ऑफिस आहे. माझं काम वेगळंच, पण 'तुला त्यातलं कळतं' म्हणून तिथलं नेटवर्क माझ्या गळ्यात पडलंय. अठरा मशिनं, टॅलीचा एक सर्व्हर, दोन प्रिंटर, शिवाय आर्टिकलशिपच्या पोरांचे मोबाइल. स्विच चोवीस पोर्टांचा, साधा.

दोन आठवडे झाले, दुपारी जेवणानंतर निम्म्या मशिनांचं नेट जातं आणि संध्याकाळपर्यंत कधीतरी आपोआप येतं. त्यातच एखादा प्रिंटर गप्प होतो. नेटवाले 'लाइन ठणठणीत आहे' सांगून गेले, आणि खरंच आहे. राउटरला थेट लॅपटॉप लावला तर नेट चालतं. मला वाटतंय एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दोघांकडे जातोय. कोणता आयपी कोणत्या मॅक पत्त्याकडे (उपकरणाला कंपनीने दिलेला क्रमांक) आहे याची नोंद ठेवणारं आणि जोडी बदलली की कळवणारं काही सुचवा. फुकट असेल तर उत्तम. मामा सीए आहेत, सांगायला नको.

रात्रपाळी
काही बसवण्याआधी एक करा. नेट जाईल तेव्हा त्या मशिनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एआरपी -ए' मारा, त्या मशिनला माहीत असलेल्या आयपी-मॅक जोड्या दिसतील. १९२.१६८.१.१ (राउटरचा आयपी) पुढे जो मॅक दिसेल तो राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरशी ताडून बघा. काही राउटरांचा लॅनकडचा मॅक स्टिकरपेक्षा शेवटच्या आकड्यात थोडा वेगळा असतो, तेवढ्याने घाबरू नका. पहिल्या तीन जोड्याच वेगळ्या निघाल्या (म्हणजे कंपनीच वेगळी) तर मात्र चोर घरातच आहे.

केबलकाका
तुम्हाला हवंय ते एआरपीवॉच. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिलेलं जुनं साधन आहे. दिसायला काहीच नाही, मागे बसून ऐकत राहतं. जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घ्या, लिनक्स टाका, आणि वायफायवर नको, केबलनेच स्विचला जोडा.

ते कसं चालतं, हे नीट समजून घ्या, म्हणजे त्याच्याकडून भलती अपेक्षा राहणार नाही. एआरपी हा १९८२ सालचा प्रोटोकॉल. 'अमुक आयपी कोणाचा?' असं मशिन सगळ्या लॅनला ओरडून विचारतं, आणि विचारताना स्वतःचा आयपी नि मॅकही सांगतं. ही ओरड साधा स्विचही सगळ्या पोर्टांवर पोहोचवतो. त्यामुळे कोपऱ्यात बसलेल्या एआरपीवॉचला जोड्या आपोआप कळतात. उत्तर मात्र विचारणाऱ्यालाच जातं, ते त्याला ऐकू येत नाही. म्हणजे कोणी मुद्दाम एकाच मशिनला गुपचूप खोटं उत्तर पाठवत असेल तर हे साधन बहिरं. त्यासाठी पोर्ट मिररिंगवाला (एका पोर्टवरच्या बोलण्याची नक्कल दुसऱ्यावर देणारा) स्विच लागतो. तुमचं दुखणं तसलं वाटत नाही.

निरोप मोजकेच येतात. 'न्यू स्टेशन' म्हणजे नवा पाहुणा. 'चेंज्ड इथरनेट अ‍ॅड्रेस' म्हणजे आयपी तोच, पण मॅक नवा. तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचा तो 'फ्लिप फ्लॉप': एकच आयपी दोन मॅकांमध्ये झोके घेतोय. गेटवेच्या (म्हणजे राउटरच्या) आयपीवर हा निरोप आला की जेवण सोडून उठा.

मेलची सोय नसेल तर सिस्टिमच्या लॉगमध्ये वाचा, सगळं तिथेही येतं.

पडद्यामागचा
काकांचं बरोबर, पण ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाला बघायचं असेल तर नेटअलर्टएक्स बघा. ब्राउझरमध्ये सगळी उपकरणं यादीने दिसतात, नावं देता येतात. माझ्या घरी तेच आहे. फक्त ते ठरावीक अंतराने स्कॅन करतं, मधल्या मधे झालेला बदल हुकू शकतो. आयपीव्ही६ (आयपीची नवी पद्धत) वापरत असाल तर अ‍ॅडरवॉच. तिथे एआरपी नसतंच, त्यामुळे एआरपीवॉच मुकाट बसेल.

रात्रपाळी
मोबाइलांचं सांगायचं राहिलं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न देता बनावट देतात. पोरं फोन बदलतील, नेटवर्क 'विसरा' करतील, की न्यू स्टेशनचा पाऊस. ओळखायची खूण सोपी: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कंपनीने दिलेला नाही.

माझ्या मते सगळ्यांवर पहारा ठेवायच्या भानगडीत पडू नका. राउटर, सर्व्हर, दोन प्रिंटर, या चौघांचे मॅक वहीत लिहा आणि निरोपांतून तेवढेच गाळून बघा. दहा दिवसांत चाळीस मेल आले की माणूस एकही वाचत नाही, हा स्वानुभव.

केबलकाका
+१. आणि प्रिंटरला हाताने आयपी दिलाय का? तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात (राउटर आपोआप वाटतो त्या आयपींत) पडत असेल तर प्रिंटर बंद असताना तोच आयपी एखाद्या फोनला जाणार.

कोपऱ्यातला_पीसी
सापडलं!! जुन्या पीसीवर एआरपीवॉच मंगळवारी बसवलं. बुधवारी दुपारी पावणेतीनला १९२.१६८.१.१ वर फ्लिप फ्लॉपची माळच लागली. दुसरा मॅक वेगळ्याच कंपनीचा. स्विच साधा, त्यामुळे कोणत्या पोर्टवर आहे ते विचारायची सोय नाही. मग एका मशिनवरून आर्पिंग ('हा आयपी कोणाचा?' असं सतत विचारणारी कमांड) चालू ठेवलं, दोन्ही मॅक उत्तर देत होते, आणि एकेक केबल उपटत गेलो. अकराव्या केबलला दुसरा मॅक थांबला.

केबल गेली मागच्या खोलीत. ऑडिटवाली दोघं दुपारी फाइली घेऊन तिथे बसतात, भिंतीत पॉइंट एकच. म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर स्विच म्हणून लावला होता. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१, आणि तोही हौसेने सगळ्यांना आयपी वाटत होता. प्रिंटर त्यानेच गप्प केला. त्या दोघांचंही नेट जायचं, पण सगळ्यांचंच गेलंय म्हणून ते बोलले नाहीत.

केबलकाका
फेकू नका त्याला. डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) आणि वायफाय बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ करा (तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना बघून), केबल लॅनच्याच पोर्टात राहू द्या. चांगला स्विच होतो.

पडद्यामागचा
जमलं तर पुढेमागे मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच घ्या. त्यात डीएचसीपी स्नूपिंग (आयपी कोण वाटतंय यावरचा पहारा) चालू केलं की असा आगंतुक आयपी वाटूच शकत नाही.

कोपऱ्यातला_पीसी
काकांनी सांगितलं तसं केलं. मॅनेज्ड स्विचची किंमत मामांना सांगितली, ते म्हणाले पुढच्या आर्थिक वर्षात बघू. तोवर एआरपीवॉच चालूच ठेवतोय. प्रिंटरांचे आयपी पट्ट्याबाहेर नेले, आणि चार मॅक लिहिलेला कागद राउटरशेजारी भिंतीला चिकटवलाय.