ब्लॉकेज नाही, तरी अटॅक? तुमच्याकडे कुणाला आलाय का?

सुगरणबाई: शेजारच्या काकूंची परवा अँजिओ झाली. डॉक्टर म्हणे नळ्या स्वच्छ, तरी अटॅकच. मला आईचं आठवलं. बाबांच्या तेराव्याला तिच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, अँजिओत काही नाही. इकोत मात्र हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगलेलं. टाकोत्सुबो म्हणतात. जपानी डॉक्टरांनी १९९० साली सांगितलेला प्रकार, मोठा धक्का बसला की होतो, जास्त करून पाळी गेलेल्या बायकांना. नातेवाईक म्हणे, "टेन्शनच होतं तर, अटॅक कुठला!" आयसीयूत काय हवा खायला होती? पुढे इको नॉर्मल आला.

रानवाटा: आग्या मोहोळ! गडावर माश्या उठल्या, मित्र तिशीतला. तोंड सुजलं ते सुजलं, वर छातीत कळ. कूनिस सिंड्रोम. अ‍ॅलर्जीत हिस्टामिन वगैरे सुटतं, त्याने हृदयाची नळी आवळते. आता ग्रुपमध्ये कुणी सेंट मारून आला की हा त्याला पायथ्यालाच थांबवतो.

मनीमाऊ: ताईला बाळंतपणानंतर. बाळ अजून पाळण्यातसुद्धा घातलं नव्हतं. स्कॅड. नळीचं आतलं अस्तर सुटतं, मध्ये रक्त साचतं. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत होते, तिच्या सासूबाई अडून बसल्या, ईसीजी काढल्याशिवाय हलणार नाही. स्टेंट नाही टाकला, बहुतेकदा आपोआप भरून येतं म्हणाले. कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

तिरकस: सासूबाईंना साष्टांग _/\_

निवांत५८: मला पहाटे. स्पाझम, म्हणजे हृदयाची नळी अचानक आवळते. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली की कळ जाते. नळी सैल ठेवणारी डिल्टियाझेम चालू, सिगरेट बंद (बायको खूश). यात काही बीटा ब्लॉकरनी (बीपी-हृदयाच्या गोळ्या) उलट त्रास वाढू शकतो, म्हणून नवीन डॉक्टर दिसला की आधी फाइल पुढे करतो.

मनीमाऊ: @रानवाटा कुठला गड? आम्ही रविवारी निघालोय :(

रानवाटा: व्यनि (खाजगी निरोप) केलाय. कातळाखाली शेकोटी नको, बाकी बिनधास्त जा.

चिकूमिल्कशेक: अँजिओ क्लिअर म्हणून कुणाचा क्लेम अडलाय का? सासऱ्यांचा लटकलाय.

सुगरणबाई: डिस्चार्ज कार्डवर निदान नीट लिहून घ्या, ट्रोपोनिनचे सगळे रिपोर्ट जोडा. एमआरआय केला होता का? हृदयाला सूज होती की अटॅक, ते त्यात बऱ्याचदा कळतं.

चिकूमिल्कशेक: केलाय, पण सीडी नणंदेकडे नाशकात. मागवते.