चेंजिंग रूम ते पाणी, बारा पावलं, जमतच नाहीत (नागपूर) – मदत हवी आहे

घामाघूम:
लवकर सांगा कोणीतरी. 1 मेपासून टँकची बॅच लावली, आज 6 झाली, मी एकदाही पाण्यात उतरले नाही. रोज जाते, स्विमसूट घालते, दारापर्यंत येते, परत कुर्ता चढवते आणि निघते. निघताना नळाखाली केस ओले करते म्हणजे घरी कोणी काही विचारत नाही. फी परत मिळत नाही. लाज कशी घालवायची तेवढंच सांगा. वजन कमी कर हे सोडून.

हलकीफुलकी:
वजनाचं नाही म्हणत ताई पण रात्रीचा भात सोडला ना मी, तीन महिन्यांत आपोआप कॉन्फिडन्स आला. सकाळी मेथीचं पाणी पण सुरू करा.

बर्डीकर:
वरच्या ताईंना शेवटची ओळ दिसली नाही वाटते. घामाघूम, बॅच लेडीज आहे का मिक्स? सूट कसा आहे? पोहता येतं का? काहीच सांगितलं नाही तुम्ही.

घामाघूम:
लेडीजच आहे हो, सकाळी सात ते आठ. कोच पण बाईच. सूट गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा, नेव्ही ब्लू. पोहता येतं, कॉलेजात शिकले होते, आता 41 आहे.

तर्री_जास्त:
लेडीज बॅच, पूर्ण झाकलेला सूट, पोहता येते, मंग लाजून काहून राहिल्या बाप्पा?

माधुरी_प्रतापनगर:
माझं ऐका, आतून कॉटनची काळी लेगिंग घाला आणि वरून सैल टीशर्ट. मी दोन सीझन तशीच गेले.

क्लोरीनवाली:
माधुरीताई प्लीज हे नका सांगू. कॉटन ओलं झालं की जड होतं, टीशर्ट फुगून वर येतो आणि धागे फिल्टरमध्ये जातात, म्हणून तर टँकवाले नायलॉन-लायक्रा मागतात. लांबच पाहिजे असेल तर त्याच कापडाच्या लेगिंग मिळतात घोट्यापर्यंत.

माधुरी_प्रतापनगर:
मला दोन वर्षांत कोणी हटकलं नाही.

क्लोरीनवाली:
कोच मोबाईलमध्ये असतील. आणि घामाघूम, वॅक्सिंग केलं असेल तर एक-दोन दिवस थांबा, क्लोरीनने आग होते. केस साध्या पाण्याने भिजवून मग टोपी घाला, क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. ओले तर तुम्ही तसेही करता 😄

रिटायर्ड_काका:
आम्ही वाडीतल्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून शिकलो, कुठला सूट अन कुठलं काय, चड्डीवर उड्या. आपल्या नागपूरच्या कांचनमाला पांडे, डोळ्यांनी दिसत नाही, तरी 2017 मध्ये मेक्सिकोला जागतिक पॅरा स्पर्धेत पोहण्यात सुवर्ण घेऊन आली ती पोरगी. आणि तुम्ही बारा पावलांना घाबरता!

बर्डीकर:
काका, त्यांचं कौतुक आहेच, पण ताईंना पदक नाही, शिडी गाठायची आहे. घामाघूम, त्या बारा पावलांवर आहे काय नेमकं? तुम्ही काहीतरी गाळून राहिल्या.

घामाघूम:
बरं सांगते. आमच्या आधी पोरांची कोचिंग असते. सात वाजले तरी त्यांचे बाप पायऱ्यांवर बसलेले असतात पोरांचे बूट हातात घेऊन, आणि त्यातले एक माझ्या ऑफिसचे साहेब आहेत. पहिल्या दिवशी दारातून दिसले आणि माझे पायच उचलेनात. दहा वाजता त्यांच्यासमोर फाईल घेऊन उभं राहायचं असतं मला.

तर्री_जास्त:
हे पहिले सांगायचं ना जी!! आम्ही इकडं भात सोडून राहिलो.

विदर्भकन्या:
लाज त्यांना वाटायला पाहिजे. लेडीज बॅच सुरू झाल्यावर पुरुष आत बसतातच कसे? टँकच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, सात वाजता पायऱ्या रिकाम्या झाल्या पाहिजेत.

बर्डीकर:
तक्रार द्याच, पण तिचा निकाल लागेपर्यंत पाऊस पडेल. उद्या सात दहाला जा, तोवर पोरं कपडे बदलून गेलेली असतात. टॉवेल कमरेला नाही, खांद्यावरून पूर्ण पांघरून शिडीपर्यंत न्या, एक पाय पाण्यात गेला की काठावर टाका. गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर कोणाला काही दिसत नाही.

विदर्भकन्या:
म्हणजे फी भरूनही दहा मिनिटं तिनेच सोडायची. वा.

संत्रा_बर्फी:
पंचेचाळीस डिग्रीत एवढं भांडता कसं, माझा तर कूलर पण गरम हवा फेकून राहिला. कोणाला वाळ्याच्या ताट्या चांगल्या कुठं मिळतात माहीत आहे का?

घामाघूम:
अपडेट. आज सात दहाला गेले. साहेब होतेच, पोराची एक चप्पल हरवली होती म्हणून थांबले होते. मी टॉवेल पांघरून निघाले, शिडीशी पोचले आणि टॉवेल काठावर टाकायच्या ऐवजी पाण्यातच पडला, इतका जड झाला की मला एकटीला ओढता येईना. कोच ओरडल्या, सगळ्यांनी बघितलं, साहेबांनी पण. आणि त्यांनी काय विचारलं माहीत आहे, "मॅडम, तिकडं निळी चप्पल दिसते का हो?" दिसली, शिडीखाली होती. काढून दिली. मग दोन लांब्या मारल्या, तिसरीला दम लागला. टॉवेल अजून वाळला नाही. तक्रार पण लिहिली आहे, उद्या देते.

माधुरी_प्रतापनगर:
छान!! तो टॉवेल कॉटनचा होता ना? 😏