दोनच पीसीत फोल्डर शेअर करायचाय, बाकीच्यांना दिसू नये

तुम्ही विचारलंय की अकाउंट्सच्या दोन पीसीत फोल्डर शेअर हवा पण बाकी ऑफिसला दिसायला नको, आणि वर कुणीतरी सांगितलंय की विंडोजमध्ये शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह ($) लावा, काम झालं. डॉलरने फोल्डर फक्त नेटवर्कच्या लिस्टमधून लपतो, ज्याला नाव माहितीये तो टाईप करून सरळ आत जातो, त्यामुळे त्याच्या भरवशावर पगारपत्रक ठेवू नका प्लीज. आमच्या महापेच्या ऑफिसात असंच झालेलं, इन्क्रिमेंटची शीट दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्याला पाठ होती, आणि ज्या मुलीने ती बनवलेली ती रडवेली झाली होती.

ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथे दुसऱ्या माणसासाठी वेगळा युजर बनवा, पासवर्डसकट, मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅबवरच्या अॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये परमिशन्स उघडून एव्हरीवन (म्हणजे सगळ्यांना परवानगी) काढून टाका आणि तो एकच युजर टाका. सिक्युरिटी टॅबमध्येही तोच युजर लागतो, कारण दोन्हीपैकी जे कडक तेच नेटवर्कवरून चालतं, एकीकडे राहिलं की अॅक्सेस डिनाइड येतो आणि माणूस तासभर केबल तपासत बसतो. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्याला युजर-पासवर्ड विचारणारी सेटिंग, चालू ठेवा. आणि हो, इथे विंडोज लॉगिनचा पिन चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्डच टाकावा लागतो.

जुना प्रिंटर चालावा म्हणून कुणी एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू केलं असेल तर आजच बंद करा. २०१७ च्या जूनमध्ये जेएनपीटी बंदराचं एक टर्मिनल ज्या व्हायरसने ठप्प केलं तो पसरायला ही वाटही वापरायचा.