रामदास बोट : दोष एकट्या लाटेचा कसा?

मांडवेकर

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. 'मोठी लाट आली, बोट कलंडली' एवढ्यावर ही हकीकत आजही संपवली जाते, आणि त्यालाच माझा आक्षेप आहे. बोट १९३६ सालची होती, म्हणजे जुनीपुराणी नव्हती. कोकण किनाऱ्याच्या लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद होत आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू होत. रेवसची फेरी मात्र बंदराच्या आतली समजली जात असल्याने भर आषाढातही चालू राही. गटारी अमावास्येला गावी निघालेल्या उतारूंनी बोट गच्च भरली होती, पावसाचा मारा अडवायला बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या होत्या, आणि बोट एका अंगाला झुकताच घाबरलेली माणसे दुसऱ्या अंगाला धावली. ज्यांना पोहता येत होते त्यांतलेही अनेक जण त्या ताडपत्र्यांत अडकले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने सकाळी झालेला अपघात मुंबईला कळायला दुपार उलटली. यातले समुद्राने काय केले आणि माणसांनी काय केले, हे वेगळे करून सांगायला हवे.

दर्यावर्दी

आजच्या सोयी डोळ्यांसमोर ठेवून त्या काळाला दोष देणे मला पटत नाही. राज्यातली पहिली एस.टी. धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे या अपघातानंतर जवळजवळ वर्षभराने. अलिबागच्या माणसाला रेल्वे नव्हती, आणि पनवेल-पेणमार्गे जाणे वेळेचे व खर्चाचे होते. रेवसची फेरी पावसाळ्यात बंद ठेवली असती, तर गिरणीत राबणाऱ्या माणसाला चार महिने घर तुटले असते. शिवाय पावसाळी बंदीने किनारा सुरक्षित होतो, हे तरी कुठे खरे आहे? जयंती आणि तुकाराम या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी वादळात गेल्या, तेव्हा हंगाम उघडलेला होता.

रेवसकर

तुम्हा दोघांच्याही बोलण्यात आमचे कोळी कुठेच आले नाहीत, याचे मला वाईट वाटते. त्या दिवशी रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. पाण्यात माणसे दिसताच त्यांनी विक्रीची मासळी समुद्रात टाकली आणि त्या जागी बुडणाऱ्यांना ओढून घेतले. सरकारी मदत पोहोचण्याआधी जी माणसे वाचली, त्यांतली बरीचशी या होड्यांनी वाचवली. रेवसच्या धक्क्यावर त्यांच्या नावाने ठळक स्मारक व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

मांडवेकर

स्मारकाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दर्यावर्दी, आपला नोव्हेंबरचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या नीलकमल या लाँचला इंजिनाची चाचणी घेणाऱ्या नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, तेव्हा ना पाऊस होता ना लाट. धडक नौदलाच्या बोटीची होती हे खरे. पण ८४ उतारूंची परवानगी असलेल्या लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. धोका ऋतूवर ठरत नाही, तो धक्क्यावर किती माणसे आत सोडली यावर ठरतो. म्हणून प्रत्येक फेरीआधी शिरगणती व्हावी आणि आकडा भरताच चढायची फळी काढून घेतली जावी, मग रांगेत कोणीही असो.

दर्यावर्दी

शिरगणती व्हावी, हे मान्य. परंतु गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शेवटच्या लाँचची फळी काढल्यावर धक्क्यावर जी दोनशे माणसे राहतील, त्यांच्यासाठी जादा फेरीची सक्तीही त्याच नियमात असली पाहिजे. नाहीतर तीच माणसे मिळेल त्या मचव्यात बसतील, आणि तिथे मोजणारा कोणीच नसेल.