शेफिल्डच्या जमिनीत किल्ला अजून आहे

"किल्ला पाडला, वर बाजार बांधला, आता खाली काय उरणार?" असं म्हणणं मला पटत नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डचंच बघा. शीफ आणि डॉन नद्यांच्या संगमावरचा आधीचा किल्ला १२६६ मध्ये जळाला. १२७० मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीची परवानगी घेऊन थॉमस द फर्निव्हलने दगडी किल्ला उभारला. स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या कैदेतली सुमारे चौदा वर्षं बहुतांशी याच गावात गेली. १६४४ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या फौजेने वेढा घालून किल्ला घेतला, मग तो मुद्दाम पाडला.

तरी १९२० च्या दशकात तिथे दुकानाचा पाया खणताना दरवाजाच्या बुरुजाचं बांधकाम सापडलंच. २०१५ मध्ये त्या जागेवरच्या बाजाराची इमारत पाडली आणि २०१८ मध्ये रीतसर उत्खनन झालं. मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते २०२४ मध्ये खंदकाच्या भागात मिळालेले अणकुचीदार लाकडी खुंट. वेढ्याच्या वेळी शत्रूला अडवायला ते रोवले असावेत. ओल्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड टिकलं. पाडणाऱ्यांनी भिंती नेल्या, खंदक मात्र भरून टाकला. म्हणून अशा ठिकाणी आधी खंदक खणावा, असं माझं ठाम मत आहे.