मदत हवी आहे: टू-स्ट्रोक क्वाड गरम झाली की रेस उतरत नाही

चिखलवाट

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण अर्धवट माहिती देऊन तुम्हाला अंदाज बांधायला लावण्यापेक्षा ते बरं.

गाडी यामाहा ब्लास्टर, २००१ चं मॉडेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: चार फुगीर टायर, मोटरसायकलसारखं हँडल, अंगठ्याने द्यायची रेस, एकच सिलिंडर, १९५ सीसीचं एअरकूल्ड टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि फक्त किक. १९८८ ते २००६ एवढी वर्षं यामाहाने ही गाडी बनवली. रस्त्यावर चालवायची नाही, फक्त माती, वाळू आणि जंगलवाटा. मी डेन्व्हरजवळ राहतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर. चालवायला रॅम्पार्ट रेंजला जातो, तिथल्या वाटा तर २,५०० मीटरच्या आसपास आहेत. गाडी मिशिगनमधून आलेली आहे. तिथे ती तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर पळायची.

आता दुखणं. थंड असताना किक मारली की लगेच चालू होते. चोक बंद केला की आयडलिंग छान. इंजिन चांगलं तापलं की मात्र अंगठा सोडला तरी रेस खाली येत नाही. घोंघावत राहते, मग सावकाश उतरते. कधी उभ्या उभ्या आपोआप वर चढते. अर्ध्या रेसच्या खाली गचके देते. पूर्ण रेसवर बरी पळते. प्लग एनजीके बी८ईएस आहे, बाहेर काढला तर पांढरट दिसतो. सायलेन्सरमधून जादा धूर नाही, गिअर ऑइलची पातळीही जागेवर आहे.

काय काय पाहिलं: एअर फिल्टरचा स्पंज धुऊन, वाळवून, तेल लावून बसवला. कार्बोरेटर मिकुनी व्हीएम २६ आहे, तो पूर्ण उघडून साफ केला, आत २६० चा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) निघाला. रेसची केबल मोकळी आहे, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी रेस हलत नाही. ऑइल पंप आधीच्या मालकानेच काढून टाकलाय, त्यामुळे पेट्रोलमध्ये ३२:१ ने टू-टी ऑइल मिसळतो, म्हणजे गॅलनला ४ औंस.

सगळी लक्षणं लीनची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याची वाटतात. म्हणून विचारतो: मेन जेट २८० चा टाकू का? ऑइल थोडं वाढवलं तर मिश्रण रिच, म्हणजे याच्या उलट, होईल का? आणि इथे साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं, त्याचा तर हा परिणाम नसेल?

इथे जवळपास टू-स्ट्रोकला हात लावणारा कुणी राहिलेला नाही. आपल्याकडच्या यामाहा आरएक्सवाल्यांना यातलं जास्त कळतं, म्हणून इथे टाकलं.

पाना_बारा_तेरा

भावा, मेन जेटला अजिबात हात लावू नकोस.

ब्लास्टर मी उघडलेली नाही, पण आरएक्स १०० चं इंजिन कोल्हापुरात आमच्या गॅरेजला आजही कुणी ना कुणी घेऊन येतोच. रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या पात्या), मिकुनी, एअरकूल्ड, एकच सिलिंडर. भावकीतलंच इंजिन आहे.

मेन जेटचं राज्य पाऊण रेसच्या वर. तुझी बोंब आहे आयडलला आणि खालच्या रेसला. तिथं पायलट जेट (आयडलचं छोटं भोक), एअर स्क्रू आणि स्लाइडचा, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा कट एवढ्यांचंच चालतं. वर बरी पळते म्हणतोस म्हणजे मेनला पेट्रोल कमी पडत नाही. आता दुसरी गोष्ट बघ. मिशिगनच्या जेटवर गाडी डोंगरावर आणलीस, तिथं हवा पातळ. गाडी रिच व्हायला पाहिजे होती. धूर काढत, फटफट करत, जड चालायला पाहिजे होती. साताऱ्याहून महाबळेश्वरला चढताना आरएक्स कशी गुदमरते ते वापरणाऱ्याला विचार. तुझी मात्र उलटी लीन झाली. याचा अर्थ कार्बोरेटरला वळसा घालून कुठूनतरी हवा आत शिरतेय.

एक साधी परीक्षा कर. गरम होऊन रेस अडकली की चोक ओढ. रेस लगेच खाली आली आणि इंजिन शांत झालं तर लीनच आहे, पुढचं बोलू. चोक ओढल्यावरही वरच राहिली तर स्लाइड अडकतेय, मग बॉडीत ओरखडे बघ.

आणि तोवर गाडी पळवू नकोस. लीनमध्ये पिस्टन कधी धरेल, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जाम होईल, सांगता येत नाही.

रिव्हर्सगिअर

पाना दादांशी सहमत. बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल सांगते.

ऑइल वाढवल्याने मिश्रण रिच होत नाही, उलट होतं. जेटच्या भोकातून ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, शिवाय दाट मिश्रण जेटमधून किंचित हळू वाहतं. फरक थोडा असतो, पण दिशा तुम्ही समजताय त्याच्या विरुद्ध आहे. ३२:१ वर राहा. लिटरच्या हिशोबात ते ३१ मिली होतं, एअरकूल्ड इंजिनाला योग्य आहे.

ऑक्टेनबद्दल: अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा आणि आपल्याकडचा आकडा वेगवेगळ्या पट्टीवरचे आहेत. आपल्याकडचा आकडा म्हणजे आरओएन, तिथला म्हणजे आरओएन आणि एमओएन या दोन मोजमापांची सरासरी, आणि एमओएन नेहमी कमी भरतो. त्यामुळे तुमचं ८५ दिसतं तितकं खाली नाही. तरी एअरकूल्ड टू-स्ट्रोकमध्ये मी तुमच्याकडचं प्रीमियम, ९१ वालंच भरीन. एवढ्याशा टाकीला फरक कितीसा पडतो? मात्र रेस अडकण्याशी ऑक्टेनचा संबंध नाही. कमी ऑक्टेनने इंजिन खडखडेल, आयडल चढणार नाही.

तुमच्या गाडीला अंगठा सोडल्यावर स्लाइड बंद झाली नाही तर करंट तोडणारी यंत्रणा कंपनीने दिलेली असते. जुन्या गाड्यांत लोक ती त्रास देते म्हणून काढतात. तुमच्याकडेही काढली असेल तर मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच आधी बसवा. बाकीचं नंतर.

चिखलवाट

चोक ओढून पाहिला. रेस झटकन खाली आली, अगदी नीट आयडलला बसली. चोक सोडला की पुन्हा घोंघावायला लागते.

हो, ती यंत्रणा काढलेलीच आहे. ताई, किल स्विच मागवलाय.

आता हवा कुठून घेतेय ते कसं शोधू? चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून बघायला सांगतात, तसं करू?

पाना_बारा_तेरा

गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोलसारखं काहीतरी फवारायचं? नको रे. आणि त्यात मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या, करंट बनवणाऱ्या चाकाच्या) कव्हरमागचं क्रँकचं सील दिसतच नाही, तिथं फवारा पोचत नाही. प्रेशर टेस्ट कर.

सायलेन्सर उतरव, एक्झॉस्टच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसव. कार्बोरेटर काढ, पण त्याच्या पुढचं रबर राहू दे, कारण संशय त्याच्यावरही आहे. त्या रबरात दुसरं बूच घालून पट्टी आवळ. प्लगच्या जागी व्हॉल्व्ह लागेल असा अडॅप्टर. पिस्टन खाली आणून ठेव, म्हणजे पोर्ट उघडे राहतील आणि क्रँककेस अन् सिलिंडर एकच होतील. मग हवा भर. ६ पीएसआय बास. १० च्या वर गेलास तर चांगली सीलं उचलतील आणि नवीन काम निघेल. ६ मिनिटं ६ पीएसआय धरलं तर इंजिन घट्ट.

पंक्चरवाल्याचा पंप वापरू नको, त्याचा काटा एवढ्या खाली काही सांगतच नाही. आमच्याकडं जुन्या बीपीच्या मशीनचा फुगा आणि घड्याळ ठेवलंय. त्याच्यावर ३०० म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. २६० पर्यंत भरलंस की ५ पीएसआय झालं, तेवढ्यावर चूक सापडते. डॉक्टरांच्या घरातनं जुनं मशीन मिळालं तर बघ.

काटा पडायला लागला की भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं लाव. क्रम असा: कार्बोरेटरच्या रबराची खालची बाजू, जिथं भेग पटकन दिसत नाही. मग रीडचं पॅकिंग, ब्लॉकच्या तळाचं पॅकिंग, हेड. शेवटी मॅग्नेटचं कव्हर काढून मागचं सील. क्लच बाजूचं सील गेलं असतं तर इंजिनानं गिअर ऑइल ओढलं असतं, पांढरा धूर आला असता आणि पातळी उतरली असती. तुझ्यात तसं काही नाही, म्हणून मला मॅग्नेट बाजूवर जास्त शंका. ते सील कोरड्या बाजूचं. तिथनं फक्त हवाच आत जाते, बाहेर कुणाला कळत नाही. आणि इंजिन तापलं की म्हातारं रबर आणखी ढिलं पडतं, म्हणून तुझी गाडी थंडपणी गुणी आहे.

घाटमाथा

मधेच बोलतो. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, पण लीन समजायला तिच्यासारखी खूण नाही. टू-स्ट्रोक आयडलला असताना पेट्रोलचा कॉक बंद करा. बाउल रिकामा होत आला की इंजिन विझण्याआधी रेस आपोआप चढते. चिखलवाट यांची गाडी तापल्यावर जी कायम करते आहे, ती हीच अवस्था.

चिखलवाट

मिळालं! बीपीच्या मशीनचा फुगा बायकोच्या मैत्रिणीकडून आणला. २६० पर्यंत भरलं आणि काटा डोळ्यांदेखत उतरला. रबर, रीड, तळाचं पॅकिंग, सगळीकडे साबण लावला, एक बुडबुडा नाही. मॅग्नेटचं कव्हर काढल्यावर स्टेटर प्लेटच्या (कॉइल बसवलेल्या पट्टीच्या) मागून बारीक फेस येताना दिसला. फेस वर येतो, फुटतो, पुन्हा येतो.

मॅग्नेट काढायला बाजूने हातोडा मारून चालेल का? आणि सील बदलायला केस फोडावी लागेल का?

पाना_बारा_तेरा

हातोडा? तू क्रँक वाकवणार. त्या मापाचा मॅग्नेट पुलर मिळतो, महाग नसतो, तो घे. नट सोडताना इंजिन फिरू नये म्हणून सिलिंडरमध्ये दोरी कोंबायची पद्धत आहे, पण पिस्टन वर येताना दोरीचा शेव पोर्टमध्ये चिमटला नाही ना ते बघ. चावी, म्हणजे ती अर्धचंद्राची बारकी पट्टी, हरवू देऊ नकोस. ती तिरकी बसली तर टायमिंग बिघडतं.

केस फोडायची गरज नाही. सील बाहेरून निघतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटताना शाफ्टला आणि केसच्या कडेला ओरखडा पडला की नवीन सीलही गळणार, म्हणून सीलच्या अंगात बारका स्क्रू फिरवून ओढ. आत बेअरिंग आहे, ड्रिल खोल घालू नको. नव्याच्या ओठाला टू-टी ऑइलचं बोट फिरव, चपट्या सॉकेटनं सरळ ठोकत बसव. बसवल्यावर पुन्हा तीच टेस्ट. क्रँक हातानं वर-खाली हलव. तिथं खेळ लागला तर बेअरिंग गेलंय आणि नुसतं सील बदलून ते टिकणार नाही.

रिव्हर्सगिअर

आणि आता जेटबद्दल, कारण सील बदललं की गाडी बहुधा रिच चालेल. १,६०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी. मिश्रण त्याच्या निम्म्याने, म्हणजे ७-८ टक्क्यांनी रिच होतं. २६० चा जेट मिशिगनला बरोबर होता असं धरलं, तर तुमच्याकडे २४० पासून सुरुवात करा, रॅम्पार्टसाठी आणखी एक पायरी खाली. मात्र दरवेळी दहानेच उतरा. आधी पूर्ण रेस ठरवायची, मग स्लाइडमधल्या नीडलची (सुईची) क्लिप, शेवटी एअर स्क्रू. मिकुनीच्या या स्क्रूत बाहेर म्हणजे लीन, आत म्हणजे रिच, विसरू नका.

प्रत्येक बदलानंतर नवा प्लग लावून मोकळ्या चढावर पूर्ण रेसवर ओढा, किल स्विच दाबा आणि त्याच क्षणी क्लच धरा. प्लगचं टोक पाहून भुलू नका. चिनीमातीच्या तळाशी, आत खोलवर काळसर तपकिरी कडं दिसलं पाहिजे. ओढताना एक बोट कायम क्लचवर. धरलंच तर मागची चाकं जाम होण्याआधी सुटता येतं.

चिखलवाट

सील आणि पुलर दोन्ही मागवले. २४० चा जेट आणि त्याच्या खालचा एक, असे दोन घेतले. आधीच्या मालकाने बाहेरचा सायलेन्सर बसवलाय. सील झाल्यावर त्यात स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, आहे का ते बघतो, नाहीतर इथल्या जंगलात गाडी नेता येणार नाही.

पाना_बारा_तेरा

अरेस्टर बसवायचा असला तर जेट ठरवायच्या आधी बसव. नंतर बसवलास तर सगळं पुन्हा करावं लागेल.